सिनेमा, पुस्तकं आणि इंटरनेटवर सापडलेल्या गोष्टींवर लिहायचंय, पण सगळं तर आधीच लिहून झालंय. सुरुवात कुठून करू?

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: आठवड्याला दोन-तीन पिक्चर बघून होतात, उशाशी पुस्तक असतंच, आणि फोनमध्ये जुनी पोस्टरं, मुलाखतींचे तुकडे, 'तुम्हाला माहीत आहे का' छापाचा मजकूर यांचे ढीगभर स्क्रीनशॉट साठलेत. यावर मराठीत लिहावं असं वाटतं, पण बसलं की जे सुचतं ते कुणीतरी आधीच लिहिलेलं निघतं. शिवाय इंटरनेटवरचं किती खरं धरायचं, पुस्तकावरून केलेल्या सिनेमाबद्दल कसं लिहायचं, फोटो वापरले तर चालतात का आणि भाषा कोल्हापुरी ठेवायची की पुस्तकी, हेही विचारलंय.

फिल्म सोसायटीच्या खेळांआधी वाटायची टिपणं आणि रविवारच्या पुरवणीतली सदरं लिहिण्यात माझं बरंच आयुष्य गेलं, त्या जोरावर सांगतो. सगळं लिहून झालेलं नाही. जे लिहून झालंय त्यातलं बरंचसं एकमेकांकडून उचललेलं आहे. मूळ वस्तूपाशी जाऊन बसणारे फार थोडे, त्यामुळे तिथं जागा रिकामीच आहे. त्या ढिगातला एक स्क्रीनशॉट निवडा आणि त्याचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवा. बाकीचे तूर्त असू देत.

पिच्छा पुरवायचा म्हणजे काय, ते एका उदाहरणावर दाखवतो. दर आषाढीला 'आधी बीज एकले' फिरत येतं. खाली नाव असतं संत तुकाराम महाराजांचं, मागं इंद्रायणीचा फोटो, कधी कधी 'आजचा अभंग' असा मथळा. तुमच्याकडेही बहुधा असेलच. आता याचं काय करायचं?

पहिल्यांदा तो मजकूर सावकाश वाचा. तुकोबांच्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथं ते नाही. मग अक्षरं मोजा. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा. इथं पहिल्याच ओळीत सात अक्षरं भरतात, पुढची सहा, त्याच्या पुढची पाच. म्हणजे हे गीत अभंगाच्या मापात बसतच नाही, ते चालीच्या मापात बसतं. इथपर्यंत यायला कुठलंही पुस्तक लागलं नाही, नुसती बोटं पुरली.

मग आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० सालची संस्था आहे, आपल्या गावात असून आपण तिथं अभ्यासाच्या खोलीपलीकडे जात नाही. शासनानं छापलेली तुकोबांची गाथा मागा. साडेचार हजारांवर अभंग आहेत, पण पहिल्या ओळींची सूची असते, त्यामुळे दहा मिनिटांचं काम. 'आ'खाली बघा. सापडणार नाही. कारण हे गीत शांताराम आठवले यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'साठी लिहिलं, संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि पडद्यावर गायले विष्णुपंत पागनीस. आठवल्यांचं 'प्रभातकाल' नावाचं आठवणींचं पुस्तक आहे, तेही मागून बघा.

आता इथं बहुतेक लोक थांबतात. 'हा अभंग तुकारामांचा नाही!' असा उद्गार टाकतात, चार जणांना खजील करतात आणि पुढच्या पोस्टकडे वळतात. मला विचाराल तर हे लिखाण नव्हे, ही फक्त दुरुस्ती. लिखाण याच्या पुढं सुरू होतं. लोकांना हे गीत तुकोबांचं का वाटलं? एक तर चित्रपटात गाथेतले खरे अभंगही आहेत आणि हे त्यांच्यातच मिसळून येतं. दुसरं म्हणजे पागनीसांचं गाणं. ते मैफलीसारखं गात नाहीत, एखादा माणूस कामात असताना स्वतःशी म्हणतो तसं गातात. चित्रपट काढा आणि एवढाच भाग बघा. पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. मग कागद घ्या. तुम्ही जे लिहाल ते फिरत्या मजकुरात कुठंही नसेल, कारण तो पाठवणाऱ्यांपैकी कुणी हे केलेलं नाही.

(जाता जाता: हा चित्रपट आपण कोल्हापूरकर फार अभिमानानं आपला म्हणून सांगतो. प्रभात कंपनी इथं १९२९ साली सुरू झाली हे खरं, पण १९३३ साली ती पुण्याला गेली आणि 'संत तुकाराम' तिथं झाला. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला तोवर कंपनीच्या पाट्या पुण्याच्या होत्या. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल मात्र बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, म्हणजे कोल्हापुरात, घडलेले. अभिमान बाळगायचाच तर तो नेमक्या जागी बाळगावा. पहिला मराठी बोलपट, १९३२ चा 'अयोध्येचा राजा', तो मात्र इथलाच.)

इंटरनेटवरचं किती खरं धरायचं, याचं सरसकट उत्तर नाही. पण काही खोट्या गोष्टी वारंवार सापडतात, तेवढ्या ओळखायला शिका.

सगळ्यात जास्त फसवतं ते ताणलेलं चित्र. जुन्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौकोनीच असते, उंचीच्या १.३७ पट रुंद. आताचे टीव्ही आणि मोबाइल लांबट. मग चित्रफीत चढवणारा 'पडदा भरला पाहिजे' म्हणून चित्र आडवं ओढतो. सगळी माणसं ठेंगणी, गालफुगी दिसतात आणि बघणारा लिहितो, 'त्या काळचे नट जरा स्थूलच असायचे.' ओळखायची युक्ती सोपी आहे. पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधा. टाळ, जातं, बैलगाडीचं चाक, देवघरातलं ताम्हण. ते अंड्यासारखं दिसलं की चित्रपट थांबवा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन चौकट नीट करा किंवा दुसरी प्रत शोधा. विशेषतः प्रभातच्या चित्रपटांत हे केल्याशिवाय एक शब्दही लिहू नका. फत्तेलाल हे मुळात चित्रकार आणि कलादिग्दर्शक. प्रत्येक चौकट मोजून मांडलेली असते आणि ताणलेल्या प्रतीत पहिला बळी त्या मांडणीचा जातो. काही महाभाग वरखाली कापून लांबट करतात, ते तर आणखी वाईट, कारण गोल वस्तू गोलच दिसते आणि संशय येत नाही. तिथं माणसांचे डोक्यावरचे फेटे अर्धे कापलेत का ते बघायचं.

मूकपटांची दुसरी गंमत. ते हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रांच्या वेगानं घेतलेले असत. पुढं यंत्रं चोवीसची झाली. त्या वेगानं ते लावले की सगळे तुरुतुरु धावायला लागतात आणि आपल्याला वाटतं की तेव्हाचा अभिनयच असा विनोदी होता. मूकपटाबद्दल लिहिताना कुठल्या वेगाची प्रत पाहिली याचा निदान विचार करा.

आणि तिसरं, साल. 'भारतातला पहिला चित्रपट, १९१३, पूर्ण बघा' असं लिहिलेली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. मुळात तो पूर्ण उरलेलाच नाही. जी रिळं आहेत तीही फाळक्यांनी १९१७ साली नव्यानं केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मांडतात. म्हणजे त्या एका ओळीतला 'पूर्ण' हा शब्द तर चुकलाच आहे, '१९१३'ही वादातला आहे.

याचीच कोल्हापुरी आवृत्ती म्हणजे 'सावकारी पाश'. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट, तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत. सर्वकालीन उत्तम चित्रपटांच्या याद्यांत तो हमखास असतो. त्या याद्या करणाऱ्यांनी तो पाहिलेला नाही, कारण ती मूक आवृत्ती आज उपलब्धच नाही. पेंटरांनीच १९३६ साली त्याचा बोलपट केला. त्यामुळे कुणी 'काय छायाचित्रण आहे!' म्हणालं की शांतपणे विचारा, कुठला बघितला? न पाहिलेल्या चित्रपटाबद्दलही लिहिता येतं, चांगलं लिहिता येतं, पण मग उरलेली छायाचित्रं, जाहिराती, समकालीनांच्या आठवणी एवढ्यावरच लिहायचं आणि तसं सांगून लिहायचं.

पुलंच्या किंवा वपुंच्या नावावर फिरणाऱ्या सुविचारांबद्दल वेगळं सांगत नाही. पुस्तकाचं नाव आणि पान नसेल तर ते वाक्य त्यांचं नाही असं समजून चाला. चुकण्याची शक्यता फारच कमी.

आता पुस्तकावरून केलेले सिनेमे. इथं नव्यानं लिहिणारा माणूस फरकांची यादी करतो. पुस्तकात हे होतं, सिनेमात वगळलं, अमुक पात्र कापलं, शेवट बदलला. ही यादी कंटाळवाणी असतेच, शिवाय तिच्यात सिनेमावर रुसवा असतो. त्याऐवजी दिग्दर्शकासमोर अडचण काय होती ते बघा.

'नटरंग' घ्या. कादंबरी आनंद यादवांची, म्हणजे कागलच्या माणसाची. सिनेमा २०१० चा, रवी जाधवांचा. रांगडा, तालमीत घुमलेला शेतमजूर तमाशाच्या वेडापायी फडात नाच्या होतो, ही गोष्ट. कादंबरीला त्याच्या डोक्यात शिरता येतं, तो स्वतःशी काय झगडतोय ते पानंच्या पानं सांगता येतं. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. मग उरतं शरीर. म्हणून अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि नंतर ते उतरवलं. प्रेक्षकाला आतली झीज बाहेरून दिसली. हे एवढं बऱ्याच जणांनी लिहिलंय.

पण तुम्ही कोल्हापूरच्या आहात. इथं एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे जी मुंबईच्या समीक्षकाला शोधून काढावी लागेल. आपल्याकडे पैलवानाचं अंग हे त्याचं एकट्याचं नसतं. घरचं दूध, तूप, बदाम, वस्तादाचा वेळ, गल्लीची इज्जत, सगळं त्यात गेलेलं असतं. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की अख्खी पेठ त्या अंगात उतरलेली असते. असं अंग घेऊन माणूस पायांत चाळ बांधतो तेव्हा तो एकटा बदलत नाही, कित्येकांचं देणं बुडवतो. तालमीकडे पाठ फिरवण्याची ती भीती सिनेमात कुठं दिसते, कुठं निसटते? यादवांच्या भाषेत ती कशी येते? यावर लिहा. घरात कुणी आखाड्यात उतरलेलं असेल तर त्यांना शेजारी बसवून सिनेमा दाखवा आणि ते कुठं चुळबुळ करतात त्यावर लक्ष ठेवा. तीच तुमची जागा.

'छावा'बद्दल थोडक्यात. शिवाजी सावंत आजऱ्याचे, काही काळ कोल्हापुरात शिक्षक होते, त्यामुळे २०२५ साली हिंदी सिनेमा आला तेव्हा इथं कादंबरीच्याही प्रती भराभर हलल्या असतील तर नवल नाही. लिहिताना एवढं भान ठेवा की सिनेमा कादंबरीवर आहे आणि कादंबरी ही कादंबरी आहे. सिनेमातलं दृश्य बघून 'इतिहासात असं घडलं' असं लिहिलं की तुम्ही दोन पायऱ्या एका दमात उतरलात. पाय मुरगळतो.

कोल्हापूरवर लिहायचं का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण स्क्रीनशॉटमध्ये जुनी पोस्टरं आहेत म्हणता, म्हणजे तिकडं ओढा आहेच. जरूर लिहा. फक्त 'कलापूर'वरचा आणखी एक निबंध लिहू नका. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, लोकमान्यांनी त्यांना सिनेमा केसरी म्हटलं, मग प्रभात, मग जयप्रभा स्टुडिओ, भालजी पेंढारकर, मास्टर विनायक... ही माळ आता पाठ झालीय, सभेत कुणीही ओढतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला वर्षातून एकदा हार पडतो आणि आपण कर्तव्य झालं म्हणून घरी जातो. त्या नावांपैकी एकाचं एखादं काम पाहिलंय का, असं विचारलं की सभा शांत.

त्यापेक्षा छोटं काहीतरी धरा. व्हीनस कॉर्नर म्हणून आपण रिक्षावाल्याला सांगतो, उमा टॉकीज चौक म्हणतो. थिएटरांची नावं चौकांना चिकटून राहिलीत. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना विचारा, यातल्या कुठल्या थिएटरात त्यांनी पिक्चर पाहिलाय. त्यांच्या आज्यांना विचारा, बाल्कनीचं तिकीट कोण काढायचं, बायकांचा खेळ किती वाजता असायचा, मध्यंतरात काय खायचे, कुठला पिक्चर घरी न सांगता बघितला. हे कुठल्याही सर्च इंजिनमध्ये सापडत नाही, आणि सांगणारी माणसं कमी होत चाललीत.

किंवा शिवाजी विद्यापीठातलं वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय. 'ययाति'साठी ज्ञानपीठ मिळालेला हा लेखक मास्टर विनायकांसाठी पटकथा लिहीत होता, हे कळल्यावर मराठी साहित्याकडे आणि सिनेमाकडे वेगवेगळ्या कप्प्यांत बघायची सवय जरा ढिली होते. राजारामपुरीतच राहता तर चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय तुमच्या दारात आहे. पडद्यावर आयुष्यभर राजेरजवाडे रंगवलेल्या नटाची निसर्गचित्रं बघायला जा. बघून झाल्यावर त्याच दिवशी रात्री त्यांचा एखादा सिनेमा लावा.

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा सगळ्या गावाच्या फोनमध्ये तेच ज्वाळांचे व्हिडिओ होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली वास्तू, त्यामुळे लोकांनी हंबरडा फोडला तो खोटा नव्हता. पण आत बसल्यावर रंगमंच कुठल्या कोपऱ्यातून पूर्ण दिसायचा, मागच्या रांगेत कुजबुज ऐकू यायची का, विंगेतून खासबागेकडे दार कसं होतं, असं लिहिलेलं त्या गदारोळात माझ्या फारसं वाचनात आलं नाही. तिथं नाटकं बघितलेली माणसं तुमच्या गल्लीत आहेत. वही घेऊन जा.

वही म्हटलं म्हणून सांगतो, फोनमध्ये टिपू नका. सिनेमा फोनवर आणि टिपणही फोनवर असलं की एकाचं दुसऱ्याला विरजण लागतं. वहीत डावीकडे मिनिट लिहा, उजवीकडे काय दिसलं ते. मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. 'भन्नाट सीन' असं लिहिलंत तर महिन्याभरानं तुम्हालाच कळणार नाही काय भन्नाट होतं. 'जिजाई चिडते, म्हैस मागे, कॅमेरा हलत नाही' असं लिहिलंत तर अख्खा लेख त्यातून निघतो. आणि सिनेमा पाहून आल्यावर दोन दिवस त्याबद्दल दुसऱ्याचं काहीही वाचू, ऐकू नका. फार कठीण आहे, मान्य. मीसुद्धा घरातल्यांना तसं बजावून ठेवतो आणि जेवणाच्या ताटावर ते मुद्दाम तोच विषय काढतात.

फोटोंबद्दल. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं, पुस्तकाचे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, दोन्हीकडे मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. पोस्टर हे चित्र, त्याचे हक्कही चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणून पेंटरांच्या काळातलं पोस्टर असलं तरी ते कुणी काढलं हे बघूनच वापरा. नव्या सिनेमातलं एखादं दृश्य किंवा कादंबरीतला छोटा उतारा समीक्षेसाठी वापरायला कायद्यात मोकळीक आहे, पण 'छोटा' आणि 'समीक्षेसाठी' या दोन्ही अटी पाळा. अख्खी कविता उतरवून खाली 'अप्रतिम!' लिहिणं ही समीक्षा नव्हे. आणि कुणाच्या घरच्या अल्बममधला फोटो असेल तर कायदा बाजूला ठेवून आधी त्या घरी विचारा. चहा मिळतो, कधी कधी आणखी चार फोटो मिळतात.

राहिली भाषा. तुम्ही लिहिलंय की बोलताना तुम्ही 'मी पिक्चर बघतो', 'मी काल गेलतो' असंच म्हणता, पण लिहायला बसलं की 'बघते', 'गेले होते' होतं आणि मग सगळंच परकं वाटायला लागतं. माझं मत विचाराल तर 'बघतो' ठेवा. आपल्याकडच्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलत आल्यात. मात्र ते सगळीकडे ठेवा. एका परिच्छेदात 'बघतो' आणि पुढच्यात 'मला प्रकर्षाने जाणवले' असं केलंत की वाचणाऱ्याला दोन माणसं लिहितायत असं वाटतं. पुण्याचे वाचक पहिल्या एक-दोन लेखांना तुम्हाला 'सर' म्हणून पत्र पाठवतील. पाठवू द्यात. एखाद्याला उत्तरात सांगा, बाकीच्यांना तिसऱ्या लेखापर्यंत आपोआप कळतं.